ऊना पुएर्ता

मी तेव्हा स्पॅनिश शिकून नुकताच गाइड झालो होतो. मराठीत नामाआधी 'ऊना' किंवा 'ला' लावायची भानगड नाही, म्हणून तो धडा मी नुसता चाळला होता. एका म्हाताऱ्या स्पॅनिश बाईंना मी भडकल दरवाजा दाखवला आणि चारला तिथंच भेटू म्हणालो. 'ला पुएर्ता' म्हणजे तोच दरवाजा. माझ्या तोंडून 'ऊना पुएर्ता', म्हणजे कुठलातरी एक दरवाजा, असं गेलं. आमच्या शहरात दरवाजांना काय तोटा! बाईंनी ड्रायव्हरला दिल्ली दरवाजाशी गाडी थांबवायला लावली, उतरून गाडी परत पाठवली आणि मेच्या उन्हात दोन तास उभ्या राहिल्या. शेवटी त्या मला तिथं सापडल्या.

"घोळ कुणी घातला?" आमच्या टूर कंपनीच्या मालकांनी विचारलं.

"ड्रायव्हरनं," मी म्हणालो.

ड्रायव्हर म्हणजे खुलताबादचे चाचा, माझ्या वडिलांच्या वयाचे. मालक त्यांना वाट्टेल ते बोलले.

बाहेर आल्यावर चाचा म्हणाले, "माझंच चुकलं असंल बेटा. मला त्यांची बोली कुठं येती?"

मी नुसती मान हलवली. पुढं वर्षभर मी त्यांच्याच गाडीत शेजारी बसून फिरलो, पण खरं काय ते सांगायचा धीर मला कधीच झाला नाही.