वहिनींच्या कानाचं माप

महिन्यापूर्वी सकाळी नांदेडहून गौतमच्या मुलाचा फोन आला, "काका, बाबा गेले..." तेव्हा मी लातूरच्या घरी चहा गाळत होतो. चहा कपाबाहेर सांडत राहिला. तीस वर्षं पाटबंधारे खात्यात आमची टेबलं शेजारी शेजारी, आणि मला त्या क्षणी आठवली ती शिवणाची टेप!

गौतम निवृत्त झाला त्याच वर्षी साखरेनं शांतावहिनींची नजर नेली. पिक्चरचं वेड मात्र शाबूत. मग या पठ्ठ्यानं जुन्या कॉम्प्युटरला पाच स्पीकर आणि एक धमधमणारा डबा जोडून घरातच थेटर मांडलं. जन्मात कधी फ्यूज न बदललेला माणूस! मीही लातूरहून मदतीला गेलो होतो. पहिल्याच दिवशी पुढच्या-मागच्या पिनांची अदलाबदल झाली. "अहो, माणसं माझ्या पाठीमागून बोलायलेत," वहिनी म्हणाल्या, आणि आम्ही तिघं पोट धरून हसलो.

मग वहिनींची टेप निघाली. त्यांना खुर्चीत बसवून, त्यांच्या कानापासून एकेका स्पीकरचं अंतर मोजायचं आणि कॉम्प्युटरमध्ये भरायचं. तपासणीची खरखर एकेका स्पीकरमधून फिरे, आणि ती येईल तिकडं वहिनी हात करायच्या. पिक्चर लागला आणि पडद्यावर सगळे गप्प झाले, की शेजारच्या खुर्चीतून गौतम हळूच सांगायचा, "बाई जिना उतरायलीय." एकदा मी त्याच्या खुर्चीत बसून पाहिलं, तर सगळा आवाज एका अंगाला. म्हटलं, "अरे, इथं तर काही धड ऐकूच येईना!"

"मला दिसतंय की," तो म्हणाला. "जिला दिसत न्हाई तिचे कान आधी."

गेल्या आठवड्यात वहिनींनी नांदेडला बोलावलं. घर आवरताना स्पीकर हलले होते, पिना निघाल्या होत्या. मला जमलं नाही तर त्यांचं उरलंसुरलं सुखही जायचं... टेप खणातच होती. मोजलं, भरलं, तपासणी लावली. वहिनींचा हात पाचही वेळा बरोबर गेला. मी सुटकेचा श्वास सोडला. पण त्यांचा हात खाली येईना. तो उजवीकडं, अगदी जवळ, गौतमच्या रिकाम्या खुर्चीकडं वळला.

"इथला राहिला की, भाऊजी..."

टेप गुंडाळून मी त्या खुर्चीत बसलो. तिथं आवाज अजूनही एका अंगालाच येतो. पिक्चर सुरू झाला. थोड्या वेळानं पडद्यावर सगळे गप्प झाले. मी घसा खाकरला.

"वहिनी, कुणीतरी दार उघडायलंय..."