गुडघ्यावरची फक्की

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस ॲक्शननंतरच्या त्या हिवाळ्यात आम्हाला सगळ्यांचाच संशय येई. कालपर्यंत निजामाच्या कचेरीत काम करणारे गृहस्थ आज खादी घालून सुलतान बाजारात फिरत होते. मी सोळा वर्षांचा होतो. पत्रकं वाचून वाचून मला माणसांचे दोनच प्रकार ठाऊक होते, आपले आणि निजामाचे.

आमच्या खो-खोच्या सामन्यांना वर्षानुवर्षं एकच पंच असत. तेही त्याच कचेरीतले कारकून, पण त्यांनी निजामाच्या काळातली रुमी टोपी सोडली नव्हती. मला ते पुरेसं होतं. उपांत्य सामन्याच्या सकाळी मी हाताने चार पत्रकं लिहिली, 'निजामाचा नोकर न्याय काय देणार?' आणि मैदानाच्या वाटेवर चिकटवली.

दुपारी आमचा काचीगुड्याचा संघ पाठलाग करत होता. मी पाटीवरच्या चौकोनात बसलो होतो. समोरच्या संघाचा गडी माझ्याजवळून वळताना अडखळला आणि आमच्या गड्याने त्याला शिवलं. आम्ही जल्लोष केला, पण शिट्टी वाजली.

"बाद नाही. बसलेल्याने वाट अडवली."

"काका, नौकरी कुणाची करता अजून?" आमचा कप्तान म्हणाला. पोरं हसली.

पंच थेट माझ्याकडे आले. "उठू नको. तस्साच बैस." मग वाकून त्यांनी माझ्या गुडघ्याकडे बोट दाखवलं. चौकोनाच्या रेषेची पांढरी फक्की गुडघ्याला लागली होती. गुडघा रेषेबाहेर होता.

"पळणारा पडायचं सोंग करतो," ते कप्तानाला म्हणाले. "म्हणून मी बसलेल्याचे गुडघे बघतो."

तरीही मला वाटलं, हा मुद्दाम आमचेच गुडघे बघतो. सामना आम्ही कसाबसा जिंकलो. निघताना ते माझ्याजवळ थांबले. "पत्रकाचं अक्षर चांगलं आहे. गुडघा मात्र आत घेत जा."

त्यांना कुणी सांगितलं असेल म्हणून मी आठवडाभर एकेकाचा संशय घेत राहिलो. माझ्या बोटांवर शाई होती, हे लक्षातच आलं नाही.

पत्रक सामन्यांच्या कमिटीनेही वाचलं होतं. अंतिम सामन्याला त्या पंचांना बोलावलं नाही. नंतरही कधीच नाही. नवे पंच खादीतले होते. त्या दिवशीही माझा गुडघा बाहेरच होता. त्याला अडखळून दोन गडी बाद झाले. पंचांनी एकदाही खाली पाहिलं नाही.

ढाल आम्ही जिंकली. घरी जाऊन मी गुडघा धुतला.