मडमबाईंच्या शाळेची झडती

सन अठराशे ब्याऐंशी. मी चौतीस वर्षांचा, ठाण्याच्या चौकीत हवालदार. तो दिवस आठवला की अजून डोकं तापतं. बायको म्हणते, म्हातारपणी पित्त वाढलंय. पित्त नव्हे, राग आहे तो, आणि निम्मा माझा माझ्यावरच.

मी शिकलेला माणूस नाही. सही आणि रोजनाम्यापुरतं लिहिणं, तेही नोकरीत शिकलो. पण कामात कुणाला हार गेलो नाही.

टेंभी नाक्याजवळ एका मडमबाईंची मुलींची शाळा होती. त्यांच्या देशातल्या चर्चमधल्या बायका पेट्या भरभरून पाट्या, कापड, चिंध्यांच्या बाहुल्या पाठवायच्या आणि बाई इथे पंधरा-वीस पोरींना फुकट शिकवायच्या. गावाला ते फुकट खुपायचं. मलाही खुपायचं, खोटं कशाला सांगू?

एका सकाळी गावातले एक वजनदार गृहस्थ धापा टाकत चौकीत आले.

"हवालदार, घात झाला! काल पुतणीला शाळेत सोडली, ती परतलीच नाही. मडमेनं लपवली. बाटवणार तिला!"

पोरगी नऊ वर्षांची, बाप वारलेला, आई या काकांच्याच घरात. फौजदारसाहेबांनी फिर्याद लिहून घेतली. मला म्हणाले, "झडती घे. संध्याकाळपर्यंत पोर मिळाली नाही तर शाळेला कुलूप आणि बाईवर खटला."

दोन पंच घेऊन मी जोड्यांसकट तसाच शाळेत शिरलो. बाईंचं मराठी पोथीतलं. म्हणाल्या, "हवालदार, पादत्राणे बाहेर काढावीत. येथे विद्या आहे."

पोरी खुदखुदल्या. मी चिडलो आणि समोरच्या पेटीला लाथ घातली. बाहुल्या घरंगळल्या, एक पाटी फुटली. खुदखुद थांबली.

"फुकट का शिकवता? तुम्हाला काय मिळतं?"

"देवाची आज्ञा आहे."

"तुमच्या देवाची."

"तुमच्या देवाने मनाई केली आहे काय?"

मी नुसता आवाज चढवला. कोठीपासून विहिरीपर्यंत सगळं धुंडाळलं. पोरगी नव्हती. बाईंनी हजेरीचं पुस्तक पुढे केलं, काल ती शाळेत आलीच नव्हती. मी म्हटलं, "हजेरी तुम्हीच लिहिता!" आणि निघालो.

मग जबान्या घ्यायला पोरीच्या घरी गेलो. चुलती ओटीवर कपाळ बडवत होती. "मडमेनं खाल्ली हो आमची चिमणी!"

कपाळ बडवताना बांगड्या वाजत होत्या. मी हाताकडे पाहिलं. दोन्ही हातांत हिरवा चुडा, कोरा करकरीत. बांगड्या चढवताना कासार हात दाबतो, त्याचे लाल वळही गेले नव्हते.

असा चुडा कुणी एकटीच भरत नाही. आधी नवरीला, मग घरच्या सवाशिणींना. आणि एकदा भरला की सवाशीण तो आपल्या हातानं उतरवत नाही, अशुभ म्हणून. तेच यांना नडलं.

"काकू, चुडा कधी भरलात?"

"कालच..." आणि जीभ चावली.

"सणासाठी हो," काका मध्येच.

"कुठला सण?"

काका बोटांवर तिथी मोजू लागले. तेवढ्यात माजघराच्या दाराआडून आवाज आला. पोरीची आई. "दादा, काल हे दोघंच तिला देवदर्शनाला घेऊन गेले. येताना शाळेत सोडली म्हणाले."

"आधी का नाही बोललात?"

"मला विचारलं कुणी?"

खरं होतं. सकाळपासून मी पोरी तपासल्या, परकी बाई तपासली, विहीर तपासली. पोरीच्या आईला विचारावं असं ना फौजदारांना सुचलं, ना मला.

काकांना चौकीत बसवलं. हात शिवशिवत होते, पण बोटही लावलं नाही.

"काल चुडा भरणाऱ्या कासाराला समोर उभा करू का?"

ते मऊ झाले. "घरचा मामला आहे हवालदार. स्थळ कल्याणचं, मोठं घर. उद्या लग्न. पोर सासरी गेली की ही आरडाओरड आपोआप मिटली असती, आणि मडमेची शाळाही."

"नवऱ्याचं वय?"

"असेल पंचेचाळीस... पन्नास."

"दात आहेत ना? आणि आईनं होकार दिला?"

"विधवा बाईला काय विचारायचं?"

खरं तर विचारलं होतं, आणि आईनं साफ नकार दिला होता. पोर शिकावी ही तिच्या वारलेल्या नवऱ्याची इच्छा, म्हणून ती शाळेत धाडत होती.

फौजदारसाहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "सोड रे. बडं घर आहे."

मी म्हटलं, "साहेब, मुलगी हरवल्याची फिर्याद तुमच्या सहीची आहे. हरवलेली मुलगी हजर करायला नको?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी बढती तिथेच गेली. पण जा म्हणाले.

दुपारच्या गाडीनं कल्याण गाठलं. पोर अंगणात पाटावर, गालांवर हळद सुकलेली. चिमुकल्या मनगटांत चुडा राहीना, म्हणून दोऱ्यानं बांधला होता.

"काका म्हणाले, शाळेला सुट्टी आहे," ती म्हणाली.

"संपली सुट्टी. चल, आईकडं."

नवरदेव पुढे आले. "अहो, उद्याचा मुहूर्त आहे!"

"मुहूर्त आमच्या फौजदारांना विचारा."

काका माफीनामा लिहून सुटले. पुढे गावच्या सभांना अध्यक्ष म्हणून बसायचे, आणि लोक बसवायचे! समुद्रापलीकडच्या त्या बायकांना ही पोर कोण लागत होती? तरी त्यांनी तिला पाटी धाडली. सख्ख्या काकानं तिला बोहल्यावर धाडलं, आणि देवाधर्माच्या नावानं बोंबही यानंच मारली. तेव्हापासून धर्म बुडाला म्हणत कुणी चौकीत आला की मी आधी त्याच्याच घरात शिरायचो, आणि दाराआड कोण उभं आहे ते पाहायचो.

दिवेलागणीला पोर आईच्या हवाली केली. दाराआडून आई म्हणाली, "शाळेत धाडीन दादा. पण आता नेईल कोण?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पगडी बांधली, पट्टा आवळला, बाजारातून एक नवी पाटी घेतली आणि पोरीचा हात धरून, मुद्दाम त्या काकांच्या ओटीसमोरून, भर रस्त्यानं तिला शाळेत नेलं. बाई दारातच उभ्या होत्या. मी पायातले जोडे काढून बाहेर ठेवले आणि मग आत गेलो.