माझ्या नावाची तळटीप

ये, इकडं सरकून बस. लांब का बसलीयस पावण्यासारखी? आणि किती दिवसांनी उगवलीस — एक फोन तरी करायचास! असू दे. आलीयस तर ऐक. हे मी आजवर कुणाला म्हणजे कुणाला सांगितलेलं नाही. घरात नाही, देवापुढंही नाही.

माझं शाहूपुरीतलं टायपिंगचं दुकान तुला ठाऊकच आहे. दहावी नापास बाई मी. दुसऱ्यांचं बघून बघून मशीन शिकले, मग कॉम्प्युटर. वकिलांचे दावे, करारपत्रं करता करता एका लॉ कॉलेजच्या संशोधन अंकाचं काम माझ्याकडं आलं. वर्षातून एकच अंक, पण लेखापेक्षा खालच्या टिपाच जास्त जीव खातात. कुठलं वाक्य कुठल्या निकालातनं घेतलं, कुणाच्या तोंडून ऐकलं — सगळं पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात. टीप नसली तर ते वाक्य कुणी खरं मानत नाही.

राजश्री त्या कॉलेजात नव्यानं शिकवायला लागलेली. कुरुंदवाडची पोरगी, अजून कायम झाली नव्हती. तिचा लेख होता बहिणींच्या हक्कसोडपत्रावर. बाप गेला की भाऊ गाडी घेऊन येतो, बहीण सही करून जमिनीतला आपला हिस्सा सोडते, आणि तिला साडी मिळते — तुला मी काय सांगायचं? लेख ती माझ्या शेजारी बसून सांगायची, मी टाइप करायची. एकदा मधेच माझ्या तोंडून निघून गेलं — माझंही असंच झालं गं. "वारसांची नावं लावायचीत अक्का, नुसती सही," असं म्हणून भावांनी मला माहेरच्या जयसिंगपूरहून शिरोळच्या कचेरीत नेलं होतं. कागद कुणी वाचायला दिला नाही. मीही मागितला नाही. साडी मात्र हिरवी होती, माझ्या आवडीची.

राजश्रीनं हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाली, "काकू, हे लेखात घेऊ का? तुमचं नाव बदलून घालते." आणि मी काय म्हणाले असेन? "माझंच घाल की! कुणाच्या बाला भीत न्हाय मी." केवढा तोरा! तिनं टीप सांगितली — माझं नाव, गाव, मुलाखत — आणि मी ती टाइप केली. कायद्याच्या लेखाखाली माझं नाव! पुन्हा पुन्हा वर-खाली करून वाचत होते.

मग — आता कसं सांगू? राजश्रीनं शेवटचं वाचून हो म्हटलेलं, अंक छापायला द्यायचा दिवस, आणि धाकट्या भावाचा फोन आला. "अक्का, भाऊबीजेला येतीस न्हवं? आणि पोरगं लागलं बघ तुझ्या त्या लॉ कॉलेजात. वकील करतोय त्याला." एवढंच. धमकी नाही, काही नाही. गोडच बोलला तो. पण माझ्या डोळ्यांपुढं ते पोरगं अंक घेऊन घरी आलेलं दिसलं, आणि माहेरचं बंद झालेलं दार.

राजश्रीला नुसता फोन करायचा होता — नाव बदल गं बाई. तिनं का म्हणून विचारलंसुद्धा नसतं. मग का नाही केला? तोरा मिरवून बसले होते ना तिच्यापुढं! तिच्या डोळ्यांत भित्री ठरायचं नव्हतं मला. म्हणून गुपचूप ती टीपच काढून टाकली; वर लेखात माझी हकीकत तशीच राहिली, बिननावाची. पुढच्या टिपांचे आकडे आपोआप वर सरकले. सातबाऱ्यावर कमी केलेल्या नावाला निदान कंस राहतो, इथं कुणी होतं हे कळतं. माझ्या टिपेचं तेवढंही राहिलं नाही.

प्रकाशनाच्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून एक मोठे सर आले होते. त्यांनी अंक आधीच वाचलेला. सगळ्यांसमोर म्हणाले, "मॅडम, ही न वाचता सही करणारी बाई आहे तरी कोण? की तुमच्या डोक्यातली?" राजश्री म्हणाली, "खाली टीप आहे, सर," आणि पान चाळत राहिली. पुढं, मागं, परत पुढं. पोरं हसायला लागली. मी तिथंच होते की, मागच्या रांगेत! उभी राहून "मी ती" म्हणायला कितीसा वेळ लागला असता? मी कपातल्या चहाकडं बघत बसले.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. "काकू, ती टीप मी सांगितलेली न्हवं?"

"न्हाय बाई. तुझ्याकडनंच राहिली."

तिनं मान हलवली. माझ्यावर शंका घ्यायचं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. आणि माझं नाव तरी कुणाला सांगितलं का तिनं? नाही. छापलं गेलं नाही ते तोंडानं सांगून काकूंना कशाला त्रास, म्हणाली. पुढच्या अंकात सूचना आली — सदर परिच्छेदास आधार आढळला नाही. ती कुणी टाइप केली? मीच. शुद्धलेखन तपासून, चौकट घालून.

कॉलेजनं तिला पुढं ठेवलं नाही. आता ती कुरुंदवाडला शिकवण्या घेते. लिहीत नाही. मध्ये बाजारात भेटली, हसत हसत म्हणाली, "गॅस बंद केला का तेबी परत परत बघतो मी, काकू. माझ्या डोक्यावर माझाच भरवसा न्हाय राहिला." ऐकतीयस ना? नोकरी गेली ती गेलीच — पण हे? हे मी केलं. आणि भाऊबीजेला जाते मी अजून. ओवाळते, साडी घेते, जेवून येते.

तू काही बोलू नकोस. समजूत घालावीस म्हणून सांगितलं नाही; तिला सांगायच्या आधी एकदा तोंडातनं काढून बघितलं.

आज सकाळीच राजश्रीला फोन लावला. "काकू! काय तपासायला हवंय का टाइप केलेलं?" आवाजात केवढा आनंद!

"न्हाय गं. तू ये नुसती."

"येतो की. बासुंदी आणू का इकडची?"

"काही आणू नकोस," म्हटलं. "पण लवकर ये."