शेवटच्या स्टॉपवरची दस्ती

अमावास्या, नजर, अंगात येणं — यातलं मी काहीच मानत नाही. इथे लोक आपले अनुभव लिहितात ते वाचते, पण करमणूक म्हणून. परभणीत एका शाळेच्या ऑफिसात बावीस वर्षं कारकुनी केली आहे. ज्याची नोंद नाही ते घडलंच नाही, असं समजणारी मी बाई. त्यामुळे खाली लिहिलंय ते बहुतेक माझ्या वहीतलंच आहे. ऐकीव भाग एकच आहे, आणि तो कुणाकडून ऐकला तेही सांगते.

माझे वडील, अण्णा, सेलूला भूगोलाचे शिक्षक होते. मी लहान असताना रविवारी मला घेऊन निघायचे. एसटीने चारठाण्याला उतरायचं, जुनी देवळं बघायची, मग शेताशेतातून चालत दुसऱ्याच एखाद्या फाट्यावर निघायचं आणि तिथून परतीची बस धरायची. जिंतूरकडचे डोंगर आम्ही असेच पालथे घातले. बस दिसली की ती थांबायच्या आत अण्णा धावत जायचे आणि खिडकीतून दस्ती आत टाकायचे. दस्ती म्हणजे मोठा रुमाल. आमच्या भागात दस्ती टाकली की जागा धरली. आत चढून बघावं तर लोक दाटीवाटीने उभे, आणि त्या एका सीटवर अण्णांची निळ्या काठाची दस्ती. "खिडकी शोभीची," असं म्हणून मला आत सरकवायचे.

वर्गात ते फळ्यावर दोन दऱ्या काढायचे. नदीने कोरलेली व्ही आकाराची, बर्फाने कोरलेली यू आकाराची. पहिली जिंतूरकडे दाखवता यायची. दुसरी त्यांनी कधीच पाहिली नव्हती. नोकरी लागल्यावर मी वहीत लिहिलं होतं : 'अण्णांना बर्फाचे डोंगर दाखवणे.' दर वर्षी नवी वही यायची आणि ही ओळ जुन्या वहीतून नव्या वहीत जायची. मुलीचं शिक्षण, घराचं बांधकाम, आईचं आजारपण... आई गेली, आणि त्यानंतर वर्षभरात अण्णांची उजवी बाजू गेली. ओळ वहीतच राहिली.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये मी स्वित्झर्लंडला गेले. माझी मुलगी केतकी तिथे नोकरी करते. आमच्या ह्यांचे गुडघे चढ चढू देत नाहीत, म्हणून मी एकटीच निघाले. केतकीने आल्प्समधली एक दरी निवडली होती. गाडीची गरज नाही. दरीच्या तोंडापासून टोकापर्यंत पिवळी बस जाते, प्रत्येक स्टॉपवरून पायवाट निघते, चालत पुढच्या स्टॉपवर जायचं आणि तिथून बसने परत. मी म्हणाले, "अगं, ही तर अण्णांची पद्धत!"

पाच दिवसांचा तक्ता मीच केला — बसची वेळ, उतरायचा स्टॉप, वाट, परतीचा स्टॉप. दोन प्रती. एक माझ्या पर्समध्ये. दुसरी निघायच्या आदल्या रविवारी सेलूला जाऊन अण्णांच्या खाटेशेजारी भिंतीवर चिकटवली. वेळा दोन्ही लिहिल्या, तिकडची आणि आपली.

अण्णा बराच वेळ कागद बघत होते. म्हणाले, "पाचव्या दिवसाला शेवटचा स्टॉप. म्हणजे हिमनदी दिसंल."

"दिसंल की."

"बस चुकवू नको मंजी झालं."

पहिल्या दिवशी चालणं संपल्यावर सेलूला फोन लावला. माझ्या धाकट्या भावाची बायको, मंगल, अण्णांचं सगळं तीच करायची. ती हसत होती. "ताई, अण्णा सकाळपासून चपला मागायलेत. बस चुकंल म्हणायलेत. मी म्हणलं, कुठं निघालात? तर म्हणले, तक्ता वाचता येत न्हाई का तुला!"

मीही हसले.

दुसऱ्या दिवशी तक्त्याप्रमाणे आम्हाला एका लाकडी पुलावरून नदी ओलांडायची होती. पुलाला लाल-पांढरी पट्टी बांधलेली, दुरुस्ती चालू. वरच्या वाटेने तासभर जादा चालावं लागलं. संध्याकाळी फोन केला. मी तोंड उघडायच्या आतच मंगल म्हणाली, "ताई, पूल बंद होता का हो? अण्णा दुपारपासून एकच सांगायलेत, पुलावरनं जाता येत न्हाई, शोभीला वरनं जावं लागायलंय."

योगायोग, असं मी म्हणाले. वहीत मात्र लिहून ठेवलं.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतः फोन मागितला. पक्षाघातानंतर त्यांचं बोलणं जरा जड झालं होतं, त्या दिवशी मात्र स्वच्छ होतं.

"शोभे, बूट ढिला बांध. डाव्या टाचेला फोड आलाय तुझ्या."

फोड आला होता. केतकीलासुद्धा मी सांगितलं नव्हतं, नाहीतर तिने दुसऱ्या दिवशीचं चालणं रद्द केलं असतं.

मग म्हणाले, "यू आकाराचीच हाय गं. बरोबर शिकवलं मी. फकस्त तळ लय सपाट काढत होतो फळ्यावर. एवढा सपाट न्हाई."

फोटो बघून बोलत असतील असं मला वाटलं. पण एकही फोटो मी पाठवलेला नव्हता. सगळे एकदम नंबर घालून पाठवायचे ठरवलं होतं. मंगलला विचारलं, तू काही दाखवलंस का त्यांना? "माझ्याकडं कुठले आलेत फोटो, ताई?"

केतकी म्हणाली, "आई, आजोबांनी आयुष्यभर हेच शिकवलंय. ते मनाने फिरतायत." मला पटलं. चौथा दिवस साधा गेला. अण्णा खुशीत होते, दोन घास जास्त जेवले, असं मंगलने सांगितलं.

पाचव्या दिवशी सकाळी उठले तर पाऊस भुरभुरत होता. टाच सुजली होती. दहा चाळीसची बस होती — आपल्याकडे दोन दहा. केतकी म्हणाली, "ढगात हिमनदी काय दिसणार? झोप अजून तासभर." आणि मी झोपले. त्या तक्त्यातली शेवटची ओळ मी केलीही नाही, खोडलीही नाही, नुसती सोडून दिली. ऑफिसात साधी मीटिंग रद्द झाली तरी चार जणांना फोन करणारी मी. सेलूला फोन केला नाही. संध्याकाळी सांगू, काय घाई आहे...

तिकडच्या दुपारी अडीचला — आपल्याकडे संध्याकाळचे सहा — आम्ही गावातल्या दुकानात घरच्यांसाठी चॉकलेटं निवडत होतो. भावाचा फोन आला. अण्णा गेले.

मी सेलूला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

आता ऐकीव भाग. तेरावा झाल्यावर मंगलने मला मागच्या अंगणात बोलावलं. आधी सांगायची तिला भीती वाटत होती. त्या दिवशी काय झालं ते तिच्याच शब्दांत लिहिते.

"दोन वाजल्यापासून अण्णा दाराकडं बघायले. म्हणले, 'बस लागली. दस्ती टाकलीय मी, खिडकी धरलीय. शोभी कुठं राहिली?' मी म्हणलं, येतेत ताई. दर थोड्या वेळानं तेच. 'आली का गं?' मग म्हणले, 'सुटली बस. ती न्हाई आली.' साडेतीनला म्हणले, 'शेवटचा स्टॉप आला. उतरलो मी.' ताई, मी पायाला हात लावला तर बर्फ. दोन गोधड्या घातल्या. डॉक्टर येऊन गेले. तरी अण्णा दाराकडंच बघायले. मग माझ्याकडं बघून हसले. म्हणले, 'मी बसतो हितंच. शोभीला म्हणावं, सावकाश ये. टाच दुखायलीय तिची.' त्येच्यानंतर बोलले न्हाईत."

ती गेल्यावर मी धुण्याच्या दगडावर बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी अण्णांचं कपाट आवरायला घेतलं. दाराच्या आतल्या बाजूला माझ्याच अक्षरात यादी होती : धोतरं चार, सदरे पाच, दस्त्या सहा. धोतरं चार भरली. सदरे पाच भरले. दस्त्या पाचच. गादी उलटली, गोधड्या झटकल्या, धोब्याकडे विचारलं. मंगल म्हणाली, "त्या दिवशी सकाळी मीच सहावी उशाशी ठेवली होती. नंतर दिसली न्हाई." एवढ्या गर्दीत गेली असेल कुणाच्या हाताने. मी यादीत सहाचे पाच केले.

यातलं काहीही मी केतकीला सांगितलं नव्हतं. दस्तीचं तर नाहीच. दस्ती हा शब्दसुद्धा तिला नीट माहीत नाही.

महिन्याभराने एका सुट्टीच्या दिवशी ती आपण होऊन त्या दरीत गेली. आपली राहिलेली वाट आजोबांसाठी चालून येते म्हणाली. रात्री तिने फोटो पाठवले, माझ्यासारखे नंबर घालून. चौथ्यात हिमनदी होती, करड्या रंगाची, मला वाटलं होतं तशी पांढरीशुभ्र नाही. सातव्यात बसचा शेवटचा स्टॉप. लाकडी छप्पर, आत बाक. बाकाच्या डाव्या टोकाला एक पांढरा रुमाल पसरलेला, निळ्या काठाचा, वर एक गुळगुळीत दगड.

मी फोटो मोठा केला. कोपऱ्यात लाल दोऱ्याची फुली. धोब्याकडे कपडे बदलू नयेत म्हणून आई प्रत्येक दस्तीवर तशी फुली घालायची.

सकाळी मी फोन केला आणि तिला विचारलं, तो रुमाल कसला?

"माहीत नाही. कुणाचा तरी राहिला असेल."

"कोपऱ्यात फुली आहे."

"आई, या देशाच्या झेंड्यावरच क्रॉस आहे. इथे मोज्यांवर, कपांवर, सगळीकडे असतो." मग म्हणाली, "पण तो पांढरा असतो, लालवर... आणि एक सांगू? इथे पडलेला कागदही दुसऱ्या दिवशी राहत नाही. तो रुमाल मात्र ओला होऊन वाळलेला, बरेच दिवस तिथेच असल्यासारखा होता. मी बसच्या ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, कुणीतरी नीट पसरून, दगड ठेवून गेलंय, म्हणजे परत येणार असेल. म्हणून त्यांनी हलवला नाही." मग विचारलं, "पुढच्या रविवारी जाऊन घेऊन येऊ का?"

आमच्या एसटीत लोक भांडतात, कोपरं मारतात, खिडकीतून आत घुसतात. पण दस्ती टाकलेल्या जागेवर कुणी बसत नाही, आणि दुसऱ्याची दस्ती कुणी उचलत नाही.

"राहू दे," मी म्हणाले. "हात लावू नकोस. ती जागा धरलेली आहे."

मग मी तिला सगळं सांगितलं.

सेलूच्या खाटेवरची दस्ती तिथे कशी गेली, मला माहीत नाही. ती दुसऱ्या कुणाची असेल, असंही मी स्वतःला सांगून पाहिलं आहे. पण पुलाचं काय, टाचेचं काय, याचं उत्तर इथे कुणी दिलं तर ते मी वाचेन. खरं तर मला झोप लागत नाही ती त्या कोड्यापायी नाही. एक फोन केला असता तर ते एकटे बसमध्ये चढले नसते, यापायी लागत नाही.

येत्या ऑगस्टचं तिकीट काढलं आहे. कपाटातल्या यादीत पाचाचे पुन्हा सहा केले आहेत. नव्या वहीत तक्ता एका ओळीचाच आहे : दहा चाळीसची बस, शेवटचा स्टॉप. बर्फ पडून गेलेला असेल, तोवर दस्ती तिथे असेल किंवा नसेल. मी बाकावर त्या टोकाशेजारी बसणार आहे. अण्णांना एवढंच सांगायचं आहे, की उशीर माझ्याकडून झाला.