पितळी पट्टीवरचा रंग

हॅनोव्हरजवळच्या पावडर कोटिंगच्या कारखान्यात मी पाच वर्षं काम करतो. बायको इथल्या हॉस्पिटलात नर्स आहे. फौजेतून पेन्शन घेऊन मी तिच्यामागे आलो. आमच्या कारखान्यात रंगाच्या कोरड्या पुडीला गनमधून विद्युतभार देतात. लोखंडी भाग हुकाला टांगून अर्थ केलेला, म्हणजे जमिनीशी जोडलेला, असतो, म्हणून पूड त्याला आपोआप चिकटते. हुकावर जुना रंग साचला की अर्थ तुटतो. पूड गळते, आणि ठिणगी पडलीच तर पेटते.

पहिल्याच आठवड्यात फोरमन उवेने माझा हुक काढून फेकला.

"हे बघ, रंगावरून अर्थ मिळत नाही. फौजेत शिकवलं नाही?"

"शिकवलं होतं," मी म्हणालो. पुढचं त्याला सांगितलं नाही. ते इथे लिहितो.

मी हवालदार होतो. उंचावरच्या एका इंधन डेपोचा इन्चार्ज. हिवाळ्यात हवा इतकी कोरडी की स्वेटर काढताना चटचट आवाज यायचा. पेट्रोल पाइपमधून वाहताना त्यातही तसाच भार साठतो. तो जमिनीत उतरावा म्हणून टँकरच्या पितळी पट्टीला अर्थिंगची क्लिप लावतात. पट्टी उघडी हवी. नियम एवढाच.

त्या हिवाळ्यात एकदा जनरलसाहेबांचं इन्स्पेक्शन दुसऱ्या दिवसावर आलं होतं. इन्स्पेक्शन म्हणजे जे हलत नाही त्याला रंग. दगडांना चुना, बादल्यांना लाल, गाड्यांना हिरवा. ब्रश नाईक सोपान जगदाळेच्या हातात होता.

"उस्ताद, आता मलाही रंगाचा एक हात मारा. दोन वर्षं मी पण इथून हललो नाही."

मी हसलो. मग मला ती पट्टी दिसली. हिरव्या टँकरवर पिवळी चमकत होती.

"तिच्यावरही मार."

"ती मोकळी ठेवायची असते, उस्ताद."

"डाग दिसतो. नंतर खरवडू."

त्याने रंग मारला.

दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्शन साडेदहाला संपलं. साहेब खूश होते. सव्वाअकराला वरच्या पोस्टवरून पेट्रोलची मागणी आली. ताफा बाराला निघणार होता.

"उस्ताद, पाच मिनिटं द्या, पट्टी खरवडतो."

"आधी बॅरल भर. क्लिप लाव आणि सुरू कर."

त्याने क्लिप लावली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. हिरव्या रंगावर. मग मी कागदपत्रं करायला तंबूत गेलो.

अकरा बावीसला स्फोटाचा आवाज झाला. मी वायरलेस उचलला.

"कंट्रोल, डेपोला आग. मेडिकल पाठवा. ओव्हर."

"कॅज्युअल्टी किती? ओव्हर."

"एक. ओव्हर."

वाळू, कांबळी, फोम, सगळं वापरलं. आग विझायला चाळीस मिनिटं लागली. सोपान त्याआधीच गेला होता.

आगीत पट्टीवरचा रंग जळून गेला. खालचं पितळ उघडं पडलं. क्लिप गळून जमिनीवर पडलेली सापडली. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत मेजरसाहेबांनी विचारलं, "क्लिप लावलेली पाहिलीत?"

"नाही सर. मी तंबूत होतो."

क्लिप लावलीच नव्हती, नाईकाचा निष्काळजीपणा, असा निष्कर्ष निघाला. मी सही केली. दोन वर्षांनी मला नायब सुभेदार केलं. पेढे वाटले. सोपानच्या गावी मात्र एकदाही गेलो नाही.

इथे मी रोज हुक खरवडतो. उवे तपासतो, "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हणतो आणि पुढे जातो. पाच वर्षं ही शाबासकी मी घेतली. गेल्या महिन्यात ती ऐकवेना. त्या रविवारी सुनंदावहिनींना, सोपानच्या पत्नीला, फोन लावला. रंग, क्लिप, माझं खोटं, सगळं क्रमाने सांगितलं.

सांगून झाल्यावर मी हाक मारली.

"वहिनी?"

"सासूबाई मरेपर्यंत म्हणत होत्या, माझा सोपान असला वेंधळा नव्हता. रोज म्हणायच्या. मीच त्यांना गप्प करायचे, भाऊजी. म्हणायचे, सरकार खोटं लिहील का?"

माफी मागायला मी तोंड उघडलं. फोन ठेवलेला होता.

दुसऱ्या दिवशी फौजेच्या रेकॉर्ड ऑफिसला नवी जबानी पाठवली. उत्तर आलेलं नाही. त्या जबानीचं पहिलं वाक्य असं आहे: नाईक सोपान जगदाळे यांनी मला दोनदा सांगितलं होतं.