शकुंतलाकाकू आणि मधली भिंत

शकुंतलाकाकू कुणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी छताकडे बघत. यजमानीण बिचारी लगेच जळमटं शोधू लागे. काकू मात्र घराचं वजन कशावर उभं आहे ते बघत असत. लातुरात आमच्या शेजारी राहणाऱ्या या बाई बांधकाम खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेल्या. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी किल्लारीची भूकंपात पडलेली घरं पाहिली होती. "भिंतीची जाडी बघून भरवसा ठिवू नगं. वर काय हाय ते बघ," हे त्या लग्नाच्या पंगतीतही ऐकवत.

आईला अर्धांगवायू झाला आणि चाकाची खुर्ची आली. बाथरूम तिच्या खोलीच्या मागेच, पण जायचं ते बोळातून वळसा घालून, आणि बोळात खुर्ची वळेना. तिला उचलून न्यावं लागे. त्याची तिला फार लाज वाटे. मधली भिंत पाडून सरळ वाट करायची, असं मी ठरवलं. "आतली भिंत हाय, नुसती आडोशाची पडदीच असंल," म्हणत गवंड्याने घण उचललासुद्धा. तेवढ्यात काकू आल्या.

"थांब रे बाबा. वर तुळई दिसायली का?"

तुळई नव्हती. काकू गच्चीवर जाऊन आल्या. भिंतीच्या बरोब्बर वर दोन स्लॅबचा सांधा होता. खाली येऊन त्या थेट आईजवळ बसल्या. "वहिनी, पहिलं घर कुठवर होतं हो?"

आजारपणापासून आईला एकेक शब्द जुळवावा लागे आणि तिचं वाक्य आम्हीच घाईने पुरं करत असू. मी तोंड उघडलं, तर काकूंनी हातानेच गप्प केलं.

"हित...वर," आई भिंतीकडे बघत म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "खि...डकी."

म्हणजे ही भिंत एके काळी बाहेरची होती! मागची बाजू वडिलांनी माझ्या जन्माआधी वाढवली होती आणि दोन्ही छतं याच भिंतीवर टेकली होती. गवंड्याने गिलावा खरवडला, तर बुजवलेली खिडकी निघाली, तिच्या डोक्यावरची काँक्रीटची आडवी पट्टी, लिंटेल, शाबूत.

"बाकी भिंतीला हात लावू नगं," काकू म्हणाल्या. "लिंटेलच्या खालचं तेवढं काढ, जमिनीपतोर. वरचं वजन लिंटेल घेतंय."

खिडकीचं दार झालं. त्यानंतर आईला कुणी उचललं नाही.

काकू वारल्या तेव्हा आईने हट्टाने तिकडे न्यायला लावलं. काकूंच्या लेकीचा हात धरून ती कितीतरी वेळ शब्द शोधत राहिली. आम्ही थांबलो.

"तिनं... मला... इचारलं," आई म्हणाली.